आधी उशीर किती ते सांगा

कॅमेरा घ्यायला निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "किती मेगापिक्सेल?" दुसरा प्रश्न, "झूम किती?" तिसरा किमतीचा. झाली मुलाखत. स्थळ बघायला आलेल्यांनी मुलाचा पगार आणि उंची विचारून चहा पिऊन निघून जावं, तसला हा प्रकार आहे. तो मुलगा हाक मारल्यावर ओ देतो का, आणि किती वेळाने देतो, हे कुणीच विचारत नाही.

कॅमेऱ्याच्या बाबतीत या ओ देण्याला शटर लॅग म्हणतात. बटण दाबल्यापासून चित्र खरोखर टिपलं जाईपर्यंत मध्ये जो वेळ जातो तो. मी त्याला सरळ 'उशीर' म्हणतो. माझं म्हणणं असं, की हलणाऱ्या कशाचेही फोटो काढायचे असतील, मग ती माणसं असोत, गुरं असोत की पाखरं, तर कॅमेरा निवडताना पहिला निकष उशीर हाच हवा. मेगापिक्सेल, झूम, रंग, ब्रँड हे सगळं त्याच्यानंतर.

कारण साधं आहे. फोटो काळपट आला तर उजळता येतो. वाकडा आला तर सरळ करता येतो. दाणेदार आला तर आजकाल बऱ्यापैकी साफही होतो. पण जो क्षण सेन्सरवर पडलाच नाही, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. मी सॉफ्टवेअरवरच पोट भरतो, तेव्हा एवढं तरी अधिकाराने सांगू शकतो.

हे आज लिहायला निमित्तं दोन. माझं आजोळ घोलवडचं. त्यामुळे थंडी पडायला लागली की "बोर्डी-डहाणूला चाललोय रे, कॅमेरा कुठला घेऊ?" असे फोन मला ठरलेले. आणि दुसरं निमित्त म्हणजे माझा भाचा. त्याला फोन नकोय, वीस वर्षांपूर्वीचा डिजिकॅम हवाय! "मामा, त्याचे कलर बघ ना, एकदम व्हिंटेज." ज्या कॅमेऱ्यांना आम्ही त्या काळी शिव्या घातल्या ते आता व्हिंटेज झाले आणि फोर्टातल्या बोरा बाजारात पुन्हा विचारले जायला लागले. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे दुकानांत गेले होते, २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. म्हणजे जुना माल भरपूर पडून आहे. रंगांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या रंगांबरोबर त्या काळचा उशीरही घरी येतो, आणि तो कोणी सांगत नाही.

किती उशीर? २००० च्या दशकातल्या साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात बटण एका दमात खाली दाबलं, तर फोटो निघेपर्यंत अर्धा ते एक सेकंद जाणं ही सर्रास गोष्ट होती. "अर्धा सेकंद? त्याने काय होतंय?" असं वाटलं असेल तर जरा हिशेब करू.

चिंचणीच्या किनाऱ्यावर एखादा माणूस ताशी ५ किलोमीटरने निवांत चालतोय. अर्ध्या सेकंदात तो सुमारे ७० सेंटिमीटर पुढे गेला. चौकटीच्या कडेला असला तर चौकटीबाहेरच गेला. वाडीत चिकू झाडावरून सुटला, तर तेवढ्या वेळात तो सव्वा मीटर खाली आलेला असतो. डहाणू रोडच्या फलाटावरून ताशी ११० ने न थांबता जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात १५ मीटर जाते, म्हणजे डब्याच्या निम्म्याहून जास्त. इंजिनाचा फोटो काढायला जावं आणि मागच्या डब्याच्या खिडक्या याव्यात. खाडीवर कोळ्याने फेकलेलं जाळं हवेत पूर्ण गोल उघडतं ते जेमतेम क्षणभर. अर्ध्या सेकंदाने तुमच्याकडे येतो पाण्यावरच्या तरंगांचा फोटो. पाणी छान असतं, तो भाग वेगळा :-)

आणि तारपा नाच. ठेका चढला की नाचणाऱ्यांचं एकेक पाऊल साधारण अर्ध्या सेकंदाचं होतं असं धरा. तुम्ही बटण दाबता पाय वर असताना, आणि फोटो येतो पाय खाली टेकल्यावर. दर वेळी. शंभर फोटो काढलेत तरी सगळे नाचणारे उभेच! घरी येऊन लोक म्हणतात, "अरे, नाच आहे की रेशनची रांग?"

हा उशीर होतो तरी कुठे? कॅमेऱ्याच्या आत बटण दाबल्यावर बरीच कामं एकामागोमाग रांगेत लागतात. फोकस लावायचा, उजेड मोजायचा, फ्लॅश असेल तर आधी एक बारीक फ्लॅश मारून अंदाज घ्यायचा, आणि 'रेड-आय'ची सोय चालू असेल तर समोरच्याची बुबुळं लहान व्हावीत म्हणून आणखी थोडं दिवे लावत बसायचं. मग कुठे प्रत्यक्ष फोटो. यातला सगळ्यात मोठा वेळखाऊ म्हणजे फोकस.

जुन्या कॉम्पॅक्टमध्ये फोकस लावायची पद्धत धुक्यात डोंगर चढण्यासारखी असते. भिंग थोडं पुढे सरकवायचं, चित्र जास्त रेखीव झालं का बघायचं, झालं असेल तर आणखी पुढे. माथा आला हे कधी कळतं? माथा ओलांडून एक पाऊल खाली उतरल्यावर. मग परत मागे. उजेड चांगला असला आणि समोर ठळक रेषा असली तर हा प्रवास लवकर आटपतो. पण घोलवडच्या चिकूच्या वाडीत भर दुपारीसुद्धा काय गर्द सावली असते ते ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. भिंग पुढे-मागे, पुढे-मागे करत बसतं आणि शेवटी पिवळा चौकोन दाखवून हात वर करतं. एसएलआरमध्ये आणि आजच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फेज डिटेक्शन असतं, त्यात भिंग कुठल्या दिशेला आणि साधारण किती सरकवायचं हे एका मोजणीतच कळतं. म्हणून ते झटपट.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती इथे तंतोतंत लागू आहे. कुठल्याही यंत्रणेचा वेग दोन तऱ्हांनी मोजतात. एका तासात किती काम उरकलं हे एक, आणि एका मागणीला उत्तर यायला किती वेळ लागला हे दुसरं. नळाला पाण्याचा जोर किती ही एक गोष्ट, आणि चावी फिरवल्यावर पाणी यायला किती वेळ लागतो ही वेगळीच. मेगापिक्सेल आणि 'सेकंदाला दहा फोटो' हे दोन्ही आकडे पाण्याच्या जोराचे आहेत. दुकानातल्या माणसाला उशीर विचारलात तर तो हमखास "सर, याला बर्स्ट आहे ना" म्हणतो. अहो, पण तो बर्स्ट सुरू कधी होणार? अर्ध्या सेकंदाने सुरू होणारा बर्स्ट म्हणजे निघून गेलेल्या क्षणाच्या मागचे दहा फोटो.

आणि सरासरी उशिरावरही जाऊ नका. नुसत्या उशिरापेक्षा वाईट असतो तो बेभरवशाचा उशीर. एखादा कॅमेरा दर वेळी नेमका पाव सेकंद उशीर करत असेल तर हाताला त्याची सवय होते, माणूस पाव सेकंद आधी दाबायला शिकतो. फलंदाज गोलंदाजाच्या वेगाचा अंदाज घेतो तसंच. पण कधी पाव, कधी पाऊण, कधी सव्वा सेकंद असं असेल तर ती चेंडू थांबून येणारी खेळपट्टी झाली. तिथे चांगला फलंदाजही चुकतो. म्हणून कॅमेऱ्याचा सगळ्यात वाईट उशीर किती ते बघायचं, सगळ्यात चांगला नव्हे.

इथवरचं गणित झालं. पण गणितासाठी मी एवढा चिडत नाही. माझा खरा राग पुढे आहे.

कॅमेरा संथ असला की फोटो काढणारा हळूहळू हुकूम सोडायला लागतो. "थांबा." "हलू नका." "जरा परत करा." "इकडे बघा." तारपा ऐन रंगात असतो आणि शहरातून आलेला कोणीतरी हात वर करून म्हणतो, "एक मिनिट, परत एकदा पहिल्यापासून!" दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचं ते लांबलचक वाद्य वाजवणाऱ्याने दम टिकवत सूर धरलेला असतो, त्याच्या सुरावर सगळी साखळी फिरत असते. तो थांबतो. साखळी थांबते. मग सगळे कॅमेऱ्याकडे बघून उभे राहतात. फोटो मिळतो, स्वच्छ, रेखीव, बारा मेगापिक्सेलचा. नाच मात्र त्यात नसतो.

याला मी वेठ म्हणतो. शब्द मुद्दाम वापरतोय. डहाणू, तलासरी आणि तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या वारल्यांनी १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या बरोबरीने उठून जमीनदारांच्या फुकट वेठीला नाही म्हटलं. त्याच गावांत जाऊन, आपल्या हातातलं यंत्र मंद आहे म्हणून, समोरच्याला तेच काम फुकटात दोनदा करायला लावायचं? यंत्राचा दोष माणसाने का भरून द्यायचा?

हे आजचंही नाही. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो त्यात होते. त्या काळच्या काचेच्या ओल्या प्लेटवर चित्र उमटायला कित्येक सेकंद लागायचे, म्हणून माणसांना ताठ उभं किंवा बसवून ठेवावं लागायचं. रसायनांचाच नाइलाज होता. (राज्यकर्त्यांना माणसं ताठ उभी केलेली आवडायची, हेही आहेच.) पण त्या ताठरपणातून बघणाऱ्याच्या मनात काय बसलं? ही माणसं अशीच असतात, गप्प, अवघडलेली, टक लावून बघणारी. पुढे फिल्म वेगवान झाली, शटर वेगवान झालं, चांगल्या एसएलआरचा उशीर एक दशांश सेकंदाच्या आसपास आला. आणि मग आम्ही पैसे मोजून असे डिजिटल कॅमेरे घेतले, की माणसांना पुन्हा ताठ उभं करायची वेळ आली!

आता जरा वारल्यांनी स्वतः माणूस कसा काढलाय तो बघा. जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. हयात गेली डहाणू तालुक्यातल्या गंजाडला. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. गेरूच्या रंगाच्या जमिनीवर तांदळाच्या पांढऱ्या रंगात दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की झाला माणूस. पण तो नुसता उभा कधी नसतो. कंबरेत वाकलेला, एक पाय उचललेला, काहीतरी ओढत, पेरत, धावत असलेला. तारप्याभोवतीची साखळी तर अशी, की डोळा तिच्यावर ठेवला की तो आपोआप गोल फिरतो. त्या हाताला शटर लॅग नव्हता. आमच्या महागड्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोंपेक्षा काडीने काढलेल्या चित्रात जास्त हालचाल असेल, तर लाज कोणाला वाटायला हवी?

यावर मला तीन उत्तरं नेहमी मिळतात. तिन्ही घेऊ.

पहिलं उत्तर, "खरा फोटोग्राफर अंदाजाने आधीच दाबतो." कबूल. अंदाज हवाच. पण कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेऊन जे हे सांगतात ते हे विसरतात की त्याच्या हातात लायका होता. तो फोकस स्वतः लावून ठेवायचा आणि बटण दाबलं की यांत्रिक शटर लगेच उघडायचं. अंदाज माणसाने क्षणाचा घ्यायचा असतो, यंत्राच्या लहरीचा नव्हे.

दुसरं उत्तर, "व्हिडिओ काढ आणि त्यातली फ्रेम उचल." फोर-के व्हिडिओची एक फ्रेम सव्वाआठ मेगापिक्सेलची असते, छापायला ती पुरते हे खरं. पण व्हिडिओत साधारणपणे शटर १/५० सेकंदाच्या आसपास ठेवतात. त्यामुळे व्हिडिओ बघताना छान वाटतो, आणि एकच फ्रेम काढली की नाचणाऱ्याचा पाय पुसलेला. शटर वाढवून ठेवलंत तर जमेल, पण तेवढा उजेड हवा.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार आहे, "फोनने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय." बऱ्याच अंशी खरं आहे. कॅमेरा ॲप उघडल्यापासून फोन सतत फ्रेम टिपत राहतो आणि एका गोल रांगेत ठेवतो, जुनी पुसून नवी. बटण दाबलं की तो त्या रांगेत मागे जाऊन तुम्हाला हवी ती फ्रेम काढून देतो. २०११ साली अँड्रॉइड ४.० आणि गॅलक्सी नेक्सस आले तेव्हा 'शून्य शटर लॅग' ही मिरवायची गोष्ट होती. कॅसिओने तर २००८ मध्येच ईएक्स-एफ१ नावाच्या कॅमेऱ्यात बटण दाबण्याआधीचे फोटो साठवायची सोय दिली होती, आणि २०१६ मध्ये ऑलिंपसने ती ई-एम१ मार्क टू मध्ये आणली. म्हणजे हे अशक्य कधीच नव्हतं. गिऱ्हाईक मेगापिक्सेलच मागत होतं, म्हणून कंपन्या मेगापिक्सेल देत होत्या.

पण फोनचा हा शून्य उशीर भर उजेडातला. रात्र पडली की नाइट मोड चालू होतो, आणि तो बटण दाबल्यावर पुढचा सेकंद-दोन सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ फ्रेमा गोळा करतो. "फोन स्थिर धरा" अशी पाटीही दाखवतो. आणि आपल्याकडे बघण्यासारखं असतं कधी? तारपा रात्रीच रंगतो. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा ध्वज चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत रात्रीच डोंगरावर चढतो. म्हणजे गरज असते नेमकी तिथेच फोन म्हणतो, जरा थांबा.

म्हणून कॅमेरा घेताना उशीर आपणच मोजायचा. यासाठी २०१३ पासून आयएसओ १५७८१ नावाचं रीतसर मानक आहे. बॅटरीवर किती फोटो निघतात तो प्रमाणित आकडा माहितीपत्रकात ठळक असतो, उशिराचा आकडा मात्र मी अजून एकाही खोक्यावर छापलेला बघितलेला नाही. असू दे. तुमच्या खिशातल्या फोनवर स्टॉपवॉच आहे.

दुकानात फोनवर स्टॉपवॉच चालू करून काउंटरवर ठेवा. कॅमेरा त्याच्यावर रोखा. काटा नेमका दहावर येईल त्याच क्षणी बटण पूर्ण दाबा. दहा दिसल्यावर नव्हे, नऊ-साडेनऊपासून मनात ठेका धरून दहालाच. (दिसल्यावर दाबायला माणसालाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो, तो कॅमेऱ्याच्या माथी मारू नका.) फोटोत १०.६ आलं तर उशीर साधारण ०.६. असं दहा वेळा करा आणि सगळ्यात वाईट आकडा लिहून ठेवा. मग हेच बटण आधी अर्धं दाबून, फोकस लागू देऊन, पुन्हा दहा वेळा. मग दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन परत. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या, पैसे तुमचे आहेत. जुना कॅमेरा घेताना तर हे न करता पाकीट उघडूच नका. माझा हिशेब असा: उजेडात, अर्धं बटण दाबून ठेवल्यावर ०.१ च्या आसपास आला तर कॅमेरा चांगला. एका दमात दाबून अंधारात अर्ध्या सेकंदाच्या वर गेला तर तो फुलदाणीचे फोटो काढायला ठेवा.

ज्यांच्याकडे असा कॅमेरा आधीच आहे त्यांनी रेड-आय बंद करा, दिवसा फ्लॅशही बंद. झूम पूर्ण मागे घ्या आणि हाताने फोकस लावायची सोय असेल तर तो तीन मीटरवर ठेवून द्या. त्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात उन्हात दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. फोकसचा डोंगर चढायचाच नाही, मग उशीर कसला?

हे सगळं हौशी लोकांपुरतं असतं तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. पण तलासरी-उधव्याकडे लग्नाच्या मोसमात फोटो काढून चार पैसे मिळवणारी पोरं आहेत. आपल्याच पाड्यावरचा नाच, आपलीच यात्रा आपल्या कॅमेऱ्याने टिपायची असते त्यांना. ती पै पै साठवून पहिला कॅमेरा घेतात, बहुतेक वेळा जुना. त्यांना दुकानात कोणी उशिराबद्दल सांगत नाही. नवरीच्या आईच्या डोळ्यांत पाणी येतं ते एकदाच, तिला "काकू, परत एकदा" म्हणता येत नाही. त्या पोराचा मोसम बुडतो तो मेगापिक्सेल कमी पडले म्हणून नव्हे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी काउंटरपलीकडच्या माणसाने "सर, चोवीस मेगापिक्सेल!" म्हटलं की शांतपणे स्टॉपवॉच काढा आणि म्हणा, "ते राहू दे, आधी उशीर किती ते सांग." त्याला सांगता आलं नाही तर मोजा. त्याने मोजू दिलं नाही तर शेजारच्या दुकानात जा. बोरा बाजारात दुकानांना तोटा नाही.